मॅनिफोल्ड माझ्याकडे आला

अन्या, तू गेल्यावर तुझ्या गाडीचा मॅनिफोल्ड माझ्याकडे आला, प्रधानकडे नाही. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण त्यानंतरचा बराचसा मान प्रधानच्या वाट्याला गेला आणि निदान एक गोष्ट तरी मला माझ्या नावावर हवी आहे.

तेराव्याची पंगत उठल्यावर शैलावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगाखालून तुझ्या जुन्या लुंगीत गुंडाळलेलं एक जड बोचकं ओढून काढलं.

"भाऊजी, हे न्या तुमच्याकडे. रंगवायचं म्हणून घासून ठेवलं होतं त्यांनी. मला बघवत नाही."

मी लुंगी सोडली. आत ते चार बोटांचं बिडाचं नळकांडं. गाडीतलं काही न कळणाऱ्यांना मी असंच सांगतो, की इंजिनाच्या पोटात जाळ होतो, त्याचा धूर चार भोकांतून बाहेर पडतो आणि ही चार बोटं तो गोळा करून सायलेन्सरकडे नेतात. गाडीत यापेक्षा जास्त काही तापत नाही. तू तो इंजिनापासून सोडवलास, तारेच्या ब्रशनं घासून उघडा केलास आणि कुठला रंग लावायचा हे न ठरवता एका सकाळी दूध आणायला म्हणून लिफ्टमध्ये शिरलास. खाली दार उघडलं तेव्हा तू नव्हतास.

ते बोचकं मांडीवर घेऊन मी टॅक्सीत बसलो तेव्हा दुःखाबरोबर मला थोडा आनंदही झाला होता. तुझ्यापासून काय लपवायचं. प्रधानला आतल्या खोलीत बोलावलं नव्हतं.

मग तुझी शोकसभा झाली, तीही दादरला. जन्म काढलास काळाचौकीत आणि मेल्यावर दादरला राहायला गेलास. तुमच्या त्या जुन्या गाड्यांच्या मंडळानं हॉल घेतला होता. स्टेजवर तुझा गॉगल लावलेला फोटो, फोटोला हार, आणि हाराशेजारी मंडळाचं बोधचिन्ह हारापेक्षा मोठं. एका सभासदानं तुझ्या जाण्यानं भारताच्या मोटारींच्या इतिहासात पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, एकुलत्या एका गाडीचा मालक असलेला तू एवढी मोठी पोकळी कशी काय करू शकलास, हे मला कळलं नाही. पण लोकांनी माना डोलावल्या.

मग त्याच मंडळातला प्रधान उठला. भर उकाड्यात ब्लेझर. 'रेस्टोरेशन' हा शब्द तो असा उच्चारतो, जणू तो त्याच्या घराण्यात चालत आलेला आहे. म्हणाला, "अनंतानं शेवटच्या काही वर्षांत कुठलाही रंग मला विचारल्याशिवाय गाडीला लावला नाही."

मी चौथ्या रांगेत होतो. माझी सगळी नोकरी रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. त्यातही माझं टेबल उष्णतेला टिकणाऱ्या रंगांचं. पत्रे रंगवायचे, भट्टीत घालायचे, बाहेर काढून बघायचं की रंग उरला की उडाला. रंग भाजून मी पोट भरलं, अन्या. आपली ओळख शाळेतली. आणि तू रंग विचारलास तो ब्लेझरवाल्या प्रधानला. तिथे उठून बोलावंसं वाटलं होतं. पण शोकसभेत हरकत घ्यायची सोय नसते.

सुरुवातीला तू मलाच विचारायचास. तुझी चाळ पडून तिथे टॉवर झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. गाडीच्या सगळ्या बहिणी टॅक्सी म्हणून राबून भंगारात गेल्या होत्या, आणि तू ही एकटी वाचवून आणली होतीस. चाळीच्या नळाशेजारी ती उभी असायची, बायका भांडी घेऊन तिला वळसा घालून जायच्या. तुझी आई गॅलरीतून ओरडायची, "अरे अनंता, गाडी चालवतलस काय नुसतीच धुयत रवतलस?"

पहिला रंग घ्यायला आपण ऑपेरा हाऊसच्या गल्लीत गेलो होतो, स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदारानं इंजिन इनॅमलचा डबा पुढे सरकवला. "ये ले जाओ साहब, इंजिन का ही है."

"इंजिनाचा चालणार नाही," मी म्हटलं. "इंजिनाचा ठोकळा पाण्यानं थंड होतो. मॅनिफोल्डला कोण पाणी पाजतंय? महिन्याभरात पापडासारखा उठेल."

"मग कुठला?" तू विचारलंस.

"सिलिकॉन रेझिनचा. आणि काळा घेऊ नकोस, तापून तापून विटतो. ऍल्युमिनियमचा चंदेरी घे, तो जास्त तग धरतो."

"चंदेरी? माझी गाडी काय मंडपाचा खांब आहे?"

"तुला रंग हवाय की शोभा?"

"दोन्ही. दुकानदारापुढे लाज नको काढूस, मोहन्या."

काळा घेतलास. घरी आल्यावर मी तुला सगळं सांगितलं. आधी गंज पार काढ, मग थिनरनं पूस, पुसल्यावर उघडा हात लावू नकोस, बोटाचं तेल बिडाला लागतं. खाली साधा प्रायमर नको, तो आधी जळतो आणि वरचा रंग घेऊन पडतो. रंगाचे हात पातळ दे. आणि मुख्य म्हणजे हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही. हाताला सुका लागतो, पण गाडी सुरू करून थोडी तापव, निवव, पुन्हा जरा जास्त तापव, तेव्हा कुठे तो धरतो. तोवर तो कच्चाच. तू सगळं ऐकलंस, सगळं तसंच केलंस, फक्त तापवणं राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी दसरा होता.

तुझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी साचा थांबवून पुसायचे, आणि दसऱ्याला जिथे तो सगळ्यात जास्त झिजतो तिथे कुंकू लावायचे. दर्शनी भागाला कुंकू लावून उपयोग नाही, राबतो कोण ते बघून लावायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तुझ्या घरी बोनेटला हार नाही. बोनेट उघडायचं आणि मॅनिफोल्डला कुंकू. ते लावायचं वहिनींनी. सुकं कुंकू उडून जातं म्हणून त्या खोबरेल तेलात कालवायच्या. आणि पूजा होईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, हा तुझ्या वडिलांचा नियम.

म्हणजे आदल्या दिवशीचा कच्चा रंग, त्यावर तेलातलं कुंकू, आणि मग गाडी सुरू. जवळच्या बागेला चक्कर मारून परत येईपर्यंत रंग सुटलेला असायचा. सगळा नाही, वहिनींच्या बोटाएवढा. त्या भोकातून गंज शिरायचा आणि वर्षभरात आजूबाजूचं सगळं उठायचं.

"रंगाचा दोष नाही," मी तुला सांगितलं. "तेलाचा आहे. वहिनींना सांग, बोनेटवर लावा."

"बघू."

"नाहीतर चार दिवस आधी रंगव. इंजिन तापवून घे, मग पूजा."

"दसऱ्याला नवा रंग हवा रे. बाबा आदल्या दिवशीच साचा पुसायचे."

"मग सुकं कुंकू."

"बघू रे."

'बघू' म्हणजे नाही, हे मला शाळेपासून माहीत होतं. ट्रेकला येणार का, बघू. ऑफिसात बढतीची परीक्षा देणार का, बघू. तुला भांडण नको असायचं, म्हणून तू नकार असा हवेत सोडून द्यायचास. मी मात्र प्रत्येक दसऱ्यानंतर येऊन त्या उडालेल्या जागेवर बोट ठेवायचो आणि म्हणायचो, सांगितलं होतं की नाही. तू हसायचास. मग नवा डबा. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा काळा, परदेशी स्प्रे, कुणी भट्टीवाल्यानं दिलेला करडा.

मग एका वर्षी तू मला विचारलंच नाहीस. तुझ्या बोलण्यात प्रधान आला. प्रधान म्हणतात, खाली ग्राफाइट लावायचं. प्रधान म्हणतात, वर सिरॅमिकचा थर द्यायचा. मी आयुष्यभर 'मोहन्या म्हणतो', आणि तो 'म्हणतात'. रविवारी तू दादरला त्याच्या गॅरेजमध्ये. मी फोन केला की वहिनी म्हणायच्या, "ते प्रधानांकडे गेलेत," आणि मी म्हणायचो, "असू दे, सहज केला होता." सहज केलेला नसायचा.

बेकरीचं प्रकरण त्याच वर्षातलं. मॅनिफोल्ड आधीच भाजून घ्यायचा, हा प्रधानचा सल्ला. भट्टी आणायची कुठून? तर भोईवाड्यातल्या बेकरीतून, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दिवाळीत बायका नानकटाईचे ट्रे भाजायला न्यायच्या तसा तू मॅनिफोल्ड ट्रेमध्ये घालून नेलास. बेकरीवाल्या चाचाला काय सांगितलंस देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात पाव बुडवला आणि तोंडात माझ्या प्रयोगशाळेचा वास आला. एवढी वर्षं हुंगलेलं रेझिन मी कसं विसरणार? खाली गेलो तर चाचा लांब सळईनं तुझा मॅनिफोल्ड फुटपाथवर ढकलत होता आणि गिऱ्हाइकांना सांगत होता, "देखो, पढ़ा लिखा आदमी है, और पाव की भट्टी में गाडी पका रहा है!"

तू अर्धवट भाजलेलं ते धूड उचललंस आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "हसू नको."

मी आठवडाभर हसलो. एकदाही विचारलं नाही की तू हे सगळं कशासाठी करतोयस. मला वाटलं, प्रधानच्या नादी लागून तुझं डोकं फिरलंय.

दसऱ्याच्या आठवड्यात प्रधान माझ्या घरी आला. आमच्या चाळीला अजून लिफ्ट नाही. तो दारात टेकला तेव्हा ब्लेझर हातावर होता आणि श्वास जिन्यात राहिला होता. मी पाणी दिलं. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

"मॅनिफोल्ड हवाय," तो म्हणाला. "दसऱ्याला आम्ही गाड्यांची रांग काढतोय, दादर ते गिरगाव. अनंताची गाडी सगळ्यात पुढे. मानवंदना."

"गाडीला मानवंदना?"

"अनंताला हो. मी सिरॅमिक कोटिंगला टाकतो, दोन दिवसांत होईल."

"सिरॅमिक नको. मी ठरवलंय."

"तुम्ही?" तो खुर्चीत सरळ बसला. "कुलकर्णी, राग मानू नका, पण रंगाचं तो माझ्याशी बोलायचा."

"तेच विचारायचंय. का बोलायचा? मी जिवंत असताना?"

माझा आवाज चढला होता. प्रधाननं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यानं जे सांगितलं ते त्याच्या स्टेजवरच्या आवाजात नव्हतं.

"त्याला कुंकू टिकणारा रंग हवा होता. तेलातलं कुंकू लावलं तरी न उडणारा. मी म्हटलं, असा रंग माझ्या ऐकण्यात नाही, तुमचा तो रंगाचा मित्र आहे ना, त्याला विचारा. तर म्हणाला, 'मोहनला विचारलं तर तो बरोबर उत्तर देईल. ते मला नकोय.'"

मी त्याचा पेला उचलून पुन्हा भरला.

"मला काय कळतंय त्यातलं?" प्रधान पुढे म्हणाला. "मी आपला एकेक सुचवत राहिलो. त्याला बरं वाटायचं. आणि दर रविवारी तुमची गाणी ऐकून घ्यायचो. मोहन्यानं नाकानं रंग ओळखला, मोहन्यानं दुकानदाराला गप्प केलं. कंटाळा यायचा हो मला तुमचा."

आता बघ, अन्या. कुणालाही यानं गार वाटलं असतं. मला नव्यानं जळजळ झाली. तू माझं कौतुक केलंस ते याच्यापुढे. माझ्या वाट्याला 'हसू नको'. माझ्या मित्राच्या तोंडून माझं नाव कसं ऐकू येतं, हे प्रधानला माहीत आहे आणि मला नाही.

तरी आम्ही मॅनिफोल्ड एकत्र रंगवला. तो सिरॅमिकवर अडला, मी चंदेरीवर. शेवटी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काळाच लावायचे ते." झालं. सिलिकॉनचा काळा, ऑपेरा हाऊसच्या गल्लीतला, पहिल्या वर्षीसारखा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुमच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं पसरली. वॉचमन धावत आला, "काका, इधर कलर अलाउड नहीं." मी वाद घालायच्या तयारीत होतो. प्रधाननं ब्लेझरची बटणं लावली आणि म्हणाला, "स्मारक का काम चल रहा है." वॉचमननं चक्क सलाम केला. बडेजावाचाही उपयोग असतो, हे मला या वयात कळतंय.

बीड मी पुसलं, स्प्रे त्यानं मारला. त्याचा हात माझ्याहून हलका आहे. पातळ, एकसारखा, ओघळ नाही. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण खरं आहे. संध्याकाळी त्याच्या मिस्त्रीनं तो इंजिनाला बसवून दिला.

दसऱ्याच्या सकाळी वहिनी खाली आल्या. हातात तबक, कपाळावर टिकली. तुझी बहीण त्या टिकलीकडे बघत होती आणि वहिनी तिच्याकडे बघत नव्हत्या. बोनेट उघडलेलं होतं. खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू वाटीत होतं. वहिनींनी बोट बुडवलं आणि थांबल्या.

"भाऊजी, लावू का? रंग जाईल ना?"

मी प्रधानकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? दरवर्षी मी लावलेल्या जागीच उडायचा. डोळे आहेत मला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "एका वर्षी सुकं लावणार होते. मग वाटलं, रंग टिकला तर हे करतील काय? डबा आणायचा, घासायचं, तुमच्याशी भांडायचं, प्रधानांकडे जायचं. वर्षभर त्यातच असायचे. निवृत्तीनंतर बाकीचे बघतोय ना आम्ही, गॅलरीत बसून असतात. म्हटलं, उडू दे."

तुला वहिनींना 'लावू नको' म्हणता येईना, आणि त्यांना थांबता येईना. त्या लावत राहिल्या म्हणून तू रंग शोधत राहिलास, आणि तू शोधत राहिलास म्हणून त्या लावत राहिल्या. मी दरवर्षी त्या जागेवर बोट ठेवून कारण सांगत होतो. कारण बरोबर होतं, अन्या. आजही प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवीन. पण माझ्यासाठी आजवर कुणी काही असं वर्षानुवर्षं मुद्दाम बिघडवून ठेवलेलं नाही. माझ्या घरातला प्रत्येक रंग जागच्या जागी आहे. प्रधानचा मला हेवा वाटायचा तो काहीच नव्हता. त्या पार्किंगमध्ये, त्या उघड्या बोनेटशी मला तुझा जो हेवा वाटला, त्यापुढे प्रधान म्हणजे किरकोळ माणूस.

"जाईल, वहिनी," मी म्हटलं. "नक्की जाईल. लावा."

त्यांनी लावलं. नेहमीच्या जागी, मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात. तुझ्या बहिणीनं आरती ओवाळली. मग गाडी सुरू झाली, नव्या रंगाचा धूर निघाला आणि पार्किंगभर तो वास पसरला. वहिनी डोळे मिटून उभ्या राहिल्या. मीही मिटले, पण मी नोकरीभर हुंगलेला तो वास आणि त्यांना आलेला वास एक नव्हता, एवढं मला कळलं.

गाडी चालवायला प्रधान, शेजारी वहिनी, आणि मी मागे, हारांच्या पिशव्यांमध्ये. तिथेही मागेच. दादरला रांग लागली. कुणीतरी माइक हातात घेतला आणि तुझ्या पोकळीबद्दल पुन्हा बोलायला लागला. प्रधानचं भाषण त्याच्यानंतर होतं. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो आणि मी बोनेट उघडून आत वाकलो होतो.

रंग सुटला होता. बोटाएवढा. कडा जळून वर वळलेल्या, मध्ये उघडं बीड.

"प्रधानसाहेब!" माइकवरून पुन्हा हाक आली.

तो हलला नाही. ब्लेझरची बाही काजळीत होती.

"पुढच्या दसऱ्याला चंदेरी," मी म्हटलं. "आणि तो मी निवडणार."

प्रधान त्या उघड्या जागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघू रे."

अगदी तुझ्यासारखं. तो शब्द त्यानं तुझ्याकडून कधी उचलला, कुठल्या रविवारी, मला माहीत नाही. मला इतका राग आला, अन्या, की मी त्याचा हात धरून ठेवला.